खिडकीवरील नाव : फ्रँक वेल्स आणि दुसऱ्या सहीचे मोल

उन्हाळी सुट्टीत अमेरिकेची सहल करणारी कुटुंबे आता आपल्या समाजात दुर्मीळ राहिलेली नाहीत, आणि त्या सहलीत फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्ड बहुधा असतेच. तेथील मॅजिक किंगडम या उद्यानात शिरताच मेन स्ट्रीट नावाचा जुन्या वळणाचा बाजाररस्ता लागतो. मुलांना समोरचा किल्ला खुणावत असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या वरच्या मजल्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे असे तेथेच काही आहे. त्या मजल्यांवरील खिडक्यांच्या काचांवर जुन्या पेढ्यांसारख्या पाट्या रंगवलेल्या आहेत. धंद्याचे नाव, मालकाचे नाव, क्वचित एखादे ब्रीद. या पेढ्या कोठेही अस्तित्वात नाहीत. नावे मात्र खऱ्या माणसांची आहेत : ज्यांनी हे उद्यान आखले, बांधले आणि चालवले त्यांची.

ही प्रथा वॉल्ट डिस्ने यांच्यापासूनची. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे पहिले उद्यान, डिस्नेलँड, सुरू झाले. तेथील एका खिडकीवर त्यांच्या वडिलांची पाटी आहे : इलायस डिस्ने, कंत्राटदार, स्थापना १८९५. इलायस यांनी बांधकाम केले, शेती केली, वृत्तपत्रवाटपाचा धंदा केला. कशातच त्यांना म्हणावे तसे यश आले नाही. वडिलांची न चाललेली पेढी मुलाने आपल्या बाजाराच्या दर्शनी भागी कायमची मांडली, ही गोष्ट गादीचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या घरांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

फ्लोरिडातील मेन स्ट्रीटवरची एक पाटी पाहण्यासाठी मान बरीच उंच करावी लागते. पेढीचे नाव ‘सेव्हन समिट्स एक्स्पिडिशन्स’, म्हणजे सात शिखरांच्या मोहिमा. खाली प्रेसिडेंट म्हणून नाव, फ्रँक जी. वेल्स. वॉल्ट डिस्ने यांचे नाव घरोघरी ठाऊक आहे, वेल्स यांचे नाही. मात्र ज्या दहा वर्षांत ही कंपनी बुडता बुडता सावरली आणि नंतर अनेक पटींनी वाढली, त्या दहा वर्षांत तिच्या कारभारावरची दुसरी सही त्यांची होती.

वेल्स यांचा जन्म १९३२ चा. पोमोना महाविद्यालय, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड आणि नंतर स्टॅनफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण, असा त्यांचा विद्याभ्यास. वकिली करून ते वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीत गेले आणि तेथील सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचले. १९८२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ते पद सोडले. कारण ऐकून त्या वेळी अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे एका वर्षात चढायची, असा त्यांनी व टेक्सासचे उद्योगपती डिक बास यांनी निश्चय केला होता. दोघेही मुरलेले गिर्यारोहक नव्हते. तरीही १९८३ मध्ये अकोंकाग्वा, मॅकिन्ले, किलिमांजारो, एल्ब्रुस, कोझिअस्को आणि अंटार्क्टिकावरील व्हिन्सन अशी सहा शिखरे त्यांनी सर केली. एव्हरेस्टवरून मात्र परतावे लागले. बास यांनी ३० एप्रिल १९८५ रोजी एव्हरेस्ट गाठले आणि सातही शिखरे चढणारे ते पहिले गृहस्थ ठरले. वेल्स तेव्हा डिस्ने कंपनीच्या कचेरीत हिशेब पाहत होते.

ते तेथे कसे आले, हे समजण्यासाठी १९८४ ची परिस्थिती पाहिली पाहिजे. वॉल्ट यांच्या निधनाला अठरा वर्षे होत आली होती. चित्रपट चालत नव्हते, समभाग स्वस्त झाले होते आणि सॉल स्टाइनबर्ग नावाच्या धनाढ्याने ते गोळा करून कंपनी गिळंकृत करण्याचा घाट घातला होता. संचालकांनी त्यांचे समभाग जादा भावाने परत विकत घेऊन हे संकट टाळले. पण पैसा गेला आणि अब्रूही गेली. सप्टेंबर १९८४ मध्ये नवे नेतृत्व आणले गेले : चेअरमन व मुख्य कार्यकारी अधिकारी मायकेल आयस्नर, आणि प्रेसिडेंट फ्रँक वेल्स. आयस्नर यांचे नाव सुचवणाऱ्यांत स्वतः वेल्स होते. दोघांनी समान अधिकाराने कारभार पाहावा असाही विचार पुढे आला होता. एकच मुख्य असावा असा आग्रह आयस्नर यांनी धरताच वेल्स यांनी विनातक्रार दुसरे स्थान स्वीकारले. ते वयाने दहा वर्षांनी वडील होते.

बँकेतील नोकरीत भागीदारी पेढ्यांची खाती पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानी येत असे. जेथे खरेदीला धावणारा, नवनव्या कल्पना काढणारा भाऊ एक आणि गादीवर बसून ‘हे परवडेल का?’ असे विचारणारा भाऊ दुसरा, त्या पेढीला कर्ज देताना हात आखडता घ्यावा लागत नसे. दोघेही धावणारे असले की तारणाची कागदपत्रे पुन्हा एकदा वाचावीशी वाटत. आयस्नर हे पहिल्या प्रकारचे होते. वेल्स यांनी त्यांना अडवले नाही. त्यांच्या कल्पनांना आकड्यांत बसवले, करार घासूनपुसून घेतले आणि कंपनीतील भांडणे चेअरमनच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी मिटवली. १९८४ मध्ये सुमारे १.७ अब्ज डॉलर असलेले वार्षिक उत्पन्न १९९३ मध्ये ८.५ अब्जांवर गेले. या वाढीचे श्रेय एकट्या वेल्स यांना देणे योग्य होणार नाही; पण त्यांना वगळून तिचा हिशेब जुळत नाही.

सगळेच जमले असेही नव्हे. एप्रिल १९९२ मध्ये पॅरिसजवळ युरो डिस्ने उघडले आणि कर्जाच्या ओझ्याखाली लगेच वाकले. मार्च १९९४ मध्ये धनको बँकांशी तडजोड ठरली. बँकांनी काही व्याज सोडले, मुद्दलाच्या फेडीस मुदत दिली. डिस्ने कंपनीने आपले स्वामित्वशुल्क व व्यवस्थापनशुल्क पाच वर्षे सोडले. प्रवर्तकाने आपल्या खिशातून काही दिल्याखेरीज बँकेने का सोडावे, हा प्रश्न पॅरिसमध्येही तितकाच खरा होता, हे वाचून माझ्यासारख्याला थोडे समाधान वाटते.

या तडजोडीनंतर काही आठवड्यांतच, ३ एप्रिल १९९४ रोजी, ईस्टरच्या रविवारी, नेवाडातील रुबी पर्वतराजीत बर्फावरील स्कीइंगहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून वेल्स यांचा मृत्यू झाला. सोबतच्या आणखी काहींनीही प्राण गमावले. वेल्स यांचे वय ६२ होते. नम्रतेविषयीचे एक वाक्य लिहिलेली चिठ्ठी ते कित्येक वर्षे आपल्या पाकिटात बाळगत असत, असे आयस्नर यांनी त्यांच्या निधनानंतर सांगितले.

दुसऱ्या सहीचे मोल ती सही थांबल्यावर कळते. रिकाम्या झालेल्या पदावर चित्रपट विभागाचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी हक्क सांगितला. आयस्नर यांनी नकार दिला. त्याच जुलैमध्ये आयस्नर यांच्यावर हृदयाची तातडीची बायपास शस्त्रक्रिया झाली. कॅट्झनबर्ग कंपनी सोडून गेले, त्यांनी ड्रीमवर्क्स ही प्रतिस्पर्धी संस्था उभी करण्यात भाग घेतला आणि आपल्या मोबदल्यासाठी डिस्नेवर दावा लावला. १९९५ मध्ये मायकेल ओव्हिट्झ यांना प्रेसिडेंट म्हणून आणले गेले. सव्वा वर्षातच त्यांना निरोप द्यावा लागला, आणि त्या निरोपाची किंमत सुमारे १४ कोटी डॉलर झाली. भागधारक न्यायालयात गेले आणि तो खटला २००६ पर्यंत चालला. वेल्स असते तर यातले किती टळले असते, हे कोणी सांगू शकणार नाही. पण एवढ्या घटना एका रिकाम्या खुर्चीभोवती घडाव्यात, हे नोंद घेण्यासारखे आहे. आपल्या पेढ्यांत उत्तराधिकाऱ्याची चर्चा नेहमी पहिल्या गादीपुरती होते. चाव्या आणि वह्या सांभाळणाऱ्या काकांच्या मागे कोण, हे ते आजारी पडेपर्यंत कोणी विचारत नाही.

डिस्ने घराण्यात असा दुसरा माणूस आधीही होऊन गेला होता. वॉल्ट यांचे वडीलबंधू रॉय हे तरुणपणी कॅन्सस सिटीत बँकेत नोकरीस होते. १९२३ मध्ये दोघा भावांनी मिळून स्टुडिओ काढला. चित्रे वॉल्ट यांच्याकडे, पैसा उभा करणे रॉय यांच्याकडे. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट गेले तेव्हा रॉय ७३ वर्षांचे होते. त्यांनी निवृत्ती बाजूला ठेवून फ्लोरिडाचे उद्यान पुरे केले आणि त्याला नुसते डिस्ने वर्ल्ड न म्हणता वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणावे असा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान उघडले. २० डिसेंबरला रॉय यांचे निधन झाले. किल्ल्यासमोर वॉल्ट यांचा पुतळा मिकीचा हात धरून उभा आहे. रॉय यांचा पुतळा प्रवेशाजवळच्या चौकात, बाकावर मिनीशेजारी बसलेला आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून किल्ल्याकडे निघून जातात.

वेल्स यांच्या स्मृती याहूनही विखुरलेल्या आहेत. १९९४ च्या जूनमध्ये प्रदर्शित झालेला ‘द लायन किंग’, जो आपल्याकडील मुलांनीही आवडीने पाहिला, त्यांना अर्पण केलेला आहे. बरबँक येथील स्टुडिओच्या आवारातील एका इमारतीला त्यांचे नाव आहे. फ्लोरिडातील खिडकीचा उल्लेख वर आलाच आहे.

मला सर्वांत भावते ती खूण कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये आहे. तेथे १९५९ पासून मॅटरहॉर्न हा १४७ फूट उंचीचा कृत्रिम पर्वत आहे आणि त्याच्या पोटातून घसरगाड्या धावतात. वेल्स गेल्यानंतर त्या पर्वताच्या आत, बर्फाच्या गुहेत, गिर्यारोहकांच्या सामानाच्या काही पेट्या ठेवण्यात आल्या. त्यांवर ‘वेल्स एक्स्पिडिशन’ अशी अक्षरे आहेत. गाडी वेगात असते, आत अंधार असतो, आणि मुलांचे लक्ष पुढे येणाऱ्या हिममानवाकडे असते. पेट्या दिसल्या तर क्षणभर दिसतात.