वचन नंतर, स्तुती आधी: नवीन वर्षाचा क्रम

या भागात ऐकलेलं इथे वाचायलाही देतोय, म्हणजे प्रवासात नेट गेलं तरी अडणार नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या बऱ्याच मंडळ्यांत उपासना असते. बारा वाजले की शुभेच्छा, केक, आणि मग वचनाचं कार्ड. लगेच प्रश्न सुरू होतात, "तुला कोणतं मिळालं?" सकाळपर्यंत ते स्टेटसला लागलेलं असतं. यात वाईट काही नाही. पण क्रम बघा. वर्षाचं पहिलं पान उलटलं आणि आपला पहिला प्रश्न आहे, यंदा मला काय मिळणार?

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयच्या ६ व्या अध्यायात आहे. तिच्यातला क्रम उलटा आहे. आधी देवाचं नाव, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा. रोजची भाकरी त्यानंतर येते. भाकरी मागायला येशू मनाई करत नाही, फक्त ती पहिली ठेवत नाही.

आता एक फरक समजून घेऊ, कारण इथेच आपली गल्लत होते. उपकार मानणं म्हणजे देवाने जे केलं त्याबद्दल बोलणं. स्तुती म्हणजे देव कोण आहे हे बोलणं. उपकार मानायला हातात काहीतरी मिळालेलं लागतं. स्तुतीला ते लागत नाही, म्हणून ती वर्षाच्या सुरुवातीलाच करता येते. पुढचे बारा महिने कसे जाणार हे कुणालाच माहीत नसतं. देव कसा आहे, हे मात्र आपण ओळखतो.

"पण दादा, माझं मागचं वर्ष फार वाईट गेलं. नोकरी गेली, घरातलं माणूस गेलं. मी खोटं खोटं गाऊ का?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. उत्तर आहे, नाही. स्तोत्रसंहितेचं हिब्रू नाव 'तेहिलीम', म्हणजे स्तुतिगीतं. तरी तिच्या १५० स्तोत्रांत रडणं आणि तक्रार भरपूर आहे. १३ वं स्तोत्र काढा. फक्त ६ वचनं आहेत. सुरुवातीलाच दावीद चार वेळा विचारतो, हे अजून किती दिवस चालणार? आणि शेवटी तोच दावीद गायला लागतो. मधे परिस्थिती बदलली असं कुठेही लिहिलेलं नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तेही याच पुस्तकात आहे. म्हणजे स्तुती करायला डोळे पुसून यावं लागत नाही.

आपल्या मराठी मंडळीतच उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर मोडल्यासारखंच झालं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, ते सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. ज्याने ही किंमत मोजली, त्याच माणसाने आपल्याला अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाने ख्रिस्ताची स्तुती करायला दिली. 'उपासना संगीत'मधली कितीतरी गीतं टिळकांची आहेत.

अजून एक सावधगिरी. "स्तुती केली की वर्ष भारी जाणार" असा हिशेब करू नका. तो नवस झाला, स्तुती नाही. देवाला आपण ॲडव्हान्स देत नसतो.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी.

एक, १ जानेवारीला सकाळी फोन उघडण्याआधी पाच मिनिटं. या पाच मिनिटांत 'मला' ने सुरू होणारं वाक्य नाही, फक्त 'तू'. तू विश्वासू आहेस. तू बदलत नाहीस. करून बघा, दुसऱ्याच मिनिटाला 'मला' जिभेवर येतं. आलं की पुन्हा 'तू' वर यायचं.

दोन, पहिले पाच दिवस रोज एक स्तोत्र, १४६ ते १५०. ही पाचही स्तोत्रं हालेलूयाने सुरू होतात आणि हालेलूयानेच संपतात.

तीन, हे एकट्याने करू नका. हालेलूया म्हणजे 'परमेश्वराची स्तुती करा', आणि हिब्रूत ही आज्ञा अनेकवचनी आहे, 'तुम्ही सगळे करा' अशी. म्हणून आजीला फोन लावा, मित्राला सोबत घ्या. ज्याचं वर्ष वाईट गेलंय त्याच्या शेजारी बसा. त्याला गाता येत नसेल, तर त्याच्या वाटचं आपण गायचं.

वचनाचं कार्ड जरूर घ्या, पाकिटात जपून ठेवा. फक्त ते वाचण्याआधी, ज्याने ते वचन दिलंय त्याच्याकडे एकदा बघा.

हा भाग मंडळीच्या ग्रुपवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. प्रभूची स्तुती असो!