चुन्याची निवळी आणि विहिरीतला कंदील

आजच्या भागात हवा. मी दिवसभर कोड लिहितो, पण शाळेतल्या केमिस्ट्रीचा हा धडा गावाकडे आजही जीव वाचवू शकतो, म्हणून घेतोय.

आकडे पटकन सांगतो. नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, अरगॉन एकाच्या आसपास. कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४. वेफर्सच्या फुगलेल्या पाकिटात नायट्रोजन असतो, कारण त्यात तेल खवट होत नाही. अरगॉन वेल्डिंगला लागतो.

आता ओळखायचं कसं? विझत आलेली, टोकाला लाल असलेली काडी ऑक्सिजनमध्ये धरली की भप्पकन पेटते. कार्बन डायऑक्साइडसाठी पानटपरीवरचा चुना घ्या, पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा. वरचं नितळ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. त्यात स्ट्रॉने फुंका (फुंकायचं हं, ओढायचं नाही!), ती दुधाळ होते. फुंकतच राहिलात तर पुन्हा नितळ होते, ही गंमत बघाच. नायट्रोजन मात्र मख्ख. काडी विझवतो, निवळीला काही करत नाही.

आता विहीर. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून बंद, जुन्या विहिरीत तळाशी साठतो. जुनी माणसं आधी दोरीला कंदील बांधून सोडायची. विझला तर उतरायचं नाही. हे बरोबरच आहे, पण उलटं खरं नाही. कंदील तेवत राहिला म्हणजे हवा चांगली, असं नसतं. शेण कुजतं तिथे हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. तो ज्योत न विझवता माणूस पाडतो आणि जास्त झाला की नाकाला वासही येईनासा होतो. शिवाय मिथेन असतो, तिथे कंदीलच स्फोट घडवेल.

एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला सहा जण एकामागोमाग उतरले. पाच गेले. अशा घटनांत वाचवायला उतरणाराही तीच हवा घेतो, आणि दोन-चार श्वासांत शुद्ध जाऊ शकते.

त्यामुळे कोणी खाली पडलं तर मागे उडी नको. ११२ लावा. अग्निशमन दलाकडे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन उतरायची सोय असते. आणि गॅस मोजायचं हातातलं यंत्रही मिळतं, ते साधारण १९.५ टक्क्यांच्या खाली ऑक्सिजन गेला की ओरडायला लागतं.