शस्त्र आणि शस्त्र धरणारा हात

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील नाकाडोंगरी हें गांव डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीच्या शेजारचें. यंत्राच्या फिरत्या पट्ट्याला जाळीचें आवरण असलेंच पाहिजे, ही गोष्ट खाणीच्या पंचक्रोशींत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. मजुरानें दक्ष असावें हें खरें. परंतु केवळ त्याच्या दक्षतेवर भिस्त ठेवून पट्टा उघडा टाकणाऱ्या अधिकाऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. हाच न्याय दवाखान्यांतील सुरीस लावावयास मात्र जगाला फार उशीर लागला. गळूं फोडतांना, जखमेची कुजलेली कड काढतांना, अडलेल्या बाळंतिणीस सोडवितांना जें बोटभर पातें उपयोगी पडतें, तेंच क्षणभर दृष्टि ढळली कीं डॉक्टराच्या, परिचारिकेच्या किंवा नंतर टेबल आवरणाऱ्या आयेच्या बोटांत शिरतें.

भाजी चिरतांना विळीनें बोट कापलें तर गृहिणी त्यावर हळद दाबते आणि कामास लागते. दवाखान्यांतली सुरी दुसऱ्याच्या रक्तांत भिजलेली असते, आणि हाच काय तो भेद. पण तो केवढा मोठा आहे हें व्हिएन्ना शहरांत 1847 सालीं दिसून आलें. तेथील न्यायवैद्यकाचे अध्यापक याकोब कोलेच्का हे शवविच्छेदन शिकवीत असतां एका विद्यार्थ्याच्या सुरीचें टोक त्यांच्या बोटांत गेलें. पुढें ताप भरला, विष अंगभर पसरलें आणि 13 मार्च रोजीं ते वारले. त्यांचे स्नेही डॉ. सेमेलवाइस यांनीं त्यांच्या शवपरीक्षेचा वृत्तांत वाचला, तेव्हां सूतिकागृहांतील बाळंतिणी ज्या ज्वरानें दगावत त्याचींच चिन्हें त्यांना त्यांत आढळलीं. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची त्यांची पद्धत या दुःखद घटनेनंतर दोनच महिन्यांनीं सुरू झाली. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज निघून त्या वेळीं अवघीं दोन वर्षें झालीं होतीं. जंतूंची कल्पना अजून कोठेंच रुजली नव्हती. बाळंतिणींचा लाभ झाला हें चांगलेंच. पण कोलेच्कांचें बोट कापणाऱ्या त्या सुरीच्या घडणीकडे मात्र पुढें बराच काळ कोणी पाहिलें नाहीं.

आज पू होऊन मरण येण्याची भीति औषधांनीं पुष्कळ कमी केली आहे. तिची जागा रक्तावाटे पसरणाऱ्या तीन विषाणूंनीं घेतली. एड्सचा विषाणु असलेल्या रक्ताची सुई टोंचली तर हजारांत सुमारें तिघांस लागण होते. यकृतदाहाच्या 'बी' विषाणूचा धोका, लस न घेतलेल्या माणसास, शंभरांत सहापासून तीसपर्यंत सांगतात. 'सी' विषाणु या दोहोंच्या मधला. त्यावर लस नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें 2002 सालीं असा अंदाज दिला कीं, जगांतील साडेतीन कोटि आरोग्यसेवकांपैकीं सुमारें तीस लाखांस दरवर्षीं अशी टोंचणी किंवा कापणी भोगावी लागते. भंडारा-गोंदियाच्या बाजूस सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांचें रक्त वारंवार तपासावें लागतें, कित्येकांस तें द्यावेंहि लागतें. त्यांत त्यांचा दोष कांहींच नाहीं. पण सुई आणि रक्त यांच्याशीं तेथील परिचारिकेची गांठ रोज पडते, हें लक्षांत ठेवावें लागतें.

शस्त्र कसें असावें याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. सुश्रुतानें वीस शस्त्रें वर्णिलीं, त्यांचे सहा गुण आणि आठ दोष सांगितले. आणि त्या गुणांच्या यादींत धारेच्याहि आधीं 'सुग्रह' म्हणजे हातांत नीट बसणारें, हा गुण घातला. कोणतें शस्त्र देठापाशीं धरावें, कोणाचा देठ तळहाताखालीं झांकून घ्यावा, याचेहि नियम आहेत. शस्त्राची धार टिकावी म्हणून तें शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, फळीवर ठेवावें असें तो सांगतो. हा नियम धारेसाठीं आहे, बोटांसाठीं नव्हे. तरी धारदार वस्तूला तिची ठरलेली जागा असावी, ही शिस्त त्यांत आलीच.

अर्वाचीन सुरीचें रूप 1915 सालीं बदललें. तोंवर सुरी अखंड असे आणि बोथट झाली कीं घासावी लागे. अमेरिकेंतील मॉर्गन पार्कर यांनीं मूठ वेगळी आणि पातें वेगळें अशी रचना काढली. दाढीच्या पात्याप्रमाणें जुनें काढावें, नवें बसवावें. रोग्याच्या दृष्टीनें हा फार मोठा लाभ होता, कारण प्रत्येकास नवी धार मिळूं लागली. पण अखंड सुरींत नसलेले दोन धोक्याचे क्षण यांतून जन्मास आले: एक पातें खांचेंत बसवितांनाचा, आणि दुसरा, अधिक वाईट, रक्तानें बुळबुळीत झालेलें पातें काढतांनाचा. खांच घट्ट असते, पातें अडतें, जोर लावावा लागतो, आणि तें सुटतें तें झटक्यानें. कांहीं ठिकाणीं तर मूठ हाताशीं नाहीं म्हणून नुसतें पातेंच चिमटींत धरून काम उरकतात. त्याहून घातक संवय शोधून सांपडावयाची नाहीं.

यावर कारागिरांनीं निरनिराळ्या युक्त्या योजल्या. एका प्रकारांत पात्यावर सरकणारी म्यान असते. काम झालें कीं अंगठ्यानें ती पुढें ढकलावयाची. दुसऱ्यांत पातेंच मुठींत मागें जातें. तिसऱ्यांत मूठ आणि पातें एकत्र जोडलेलें असून सर्वच एकदां वापरून टाकावयाचें, म्हणजे काढण्याचा प्रश्न उरत नाहीं. जेथें टोकाची गरज नाहीं तेथें गोल टोकाचें पातेंहि चालतें. अमेरिकेनें 2000 सालीं कायदा करून रुग्णालयांस अशीं सुरक्षित साधनें घेणें भाग पाडलें, आणि युरोपांतील राष्ट्रांनीं 2010 मध्यें तसाच निर्बंध घातला.

तरीहि शस्त्रवैद्य या सुऱ्यांवर फारसे प्रसन्न नाहींत, आणि त्यांच्या तक्रारी केवळ हट्टाच्या आहेत असें म्हणतां येत नाहीं. प्लास्टिकची मूठ हलकी लागते. धातूच्या मुठीचा तोल तिला येत नाहीं. म्यानेची कड दृष्टीआड येते. शिवाय म्यान ढकलावयाची आठवण माणसानेंच ठेवावयाची असते, आणि घाईच्या वेळीं नेमकी तीच राहते. खाणीची जाळी मजुराच्या आठवणीवर अवलंबून नसते. ही म्यान असते. ऑस्ट्रेलियांतील कांहीं वैद्यांनीं 2008 सालीं असा हिशेब मांडला कीं, नेहमींचीच सुरी ठेवून ती हातोहात न देतां ट्रेमध्यें ठेवून दिली, आणि पातें एका हातानें काढून घेणारी डबी वापरली, तर तो उपाय सुरक्षित सुरीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, उपयोगी पडेल.

लहान दवाखान्यांच्या दृष्टीनें या मताचें महत्त्व विशेष आहे. किडनी ट्रे सगळीकडे असतो. डॉक्टरानें सुरी त्यांत ठेवावी, परिचारिकेनें ती तेथून उचलावी, दोघांचे हात एकाच वेळीं तींत असूं नयेत. एवढ्या नियमास कवडीचाहि खर्च नाहीं. पातें काढावयाची डबी स्वस्त असते; ती मिळेपर्यंत धमनी-चिमटा वापरावा, बोटें कदापि नव्हेत.

सुरी ज्याच्या हातांत असते त्यालाच ती कापते असेंहि नाहीं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील वैद्यांनीं 2005 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सुई टोंचल्याच्या 380 नोंदी आहेत. त्यांत परिचारिका 45 टक्के, डॉक्टर 11 टक्के, आणि मदतनीस तब्बल 33 टक्के. मदतनीस शस्त्रक्रिया करीत नाहींत. ते इतरांनीं टाकलेलें उचलतात. चादरींत गुंडाळलेलें पातें धुणाऱ्याच्या हातांत जातें, पिशवींत टाकलेलें पातें कचरा नेणाऱ्याच्या मांडीस लागतें. म्हणून 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनीं सुया आणि पातीं यांसाठीं पांढरा, अर्धपारदर्शक, न भेदला जाणारा डबा ठरविला आहे. तो भरून ओसंडूं देऊं नये, आणि तो कामाच्या टेबलाजवळ असावा. पडवींतल्या कोपऱ्यांत ठेवलेल्या डब्यानें फक्त नियम पाळला जातो.

सुरक्षित साधन खेड्यांपर्यंत पोंचतच नाहीं असें म्हणण्याचें कारण नाहीं. लसीकरणांत एकदां वापरली कीं आपोआप अडकणारी सिरिंज देशभर रूढ झाली आहे आणि तिच्याबरोबर सुईचा बुडखा तोडणारें कटरहि आलें. सिरिंज बालकाच्या रक्षणासाठीं आहे, कटर परिचारिकेच्या. सुरीच्या वांट्याला असें कांहीं अद्याप आलेलें नाहीं.

तोंवर जखम होतच राहणार. ती झाली असतां बोट तोंडांत घालूं नये, पिळूं नये. साबण आणि वाहत्या पाण्यानें धुवावें व लगेच वरिष्ठांस कळवावें. बोलणें लागेल म्हणून पुष्कळजणी हें लपवितात. एड्सप्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा शक्यतों दोन तासांच्या आंत घ्यावयाची असते, बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग नाहीं, आणि पुढें तें औषध 28 दिवस चालवावें लागतें. असें औषध आणि सुरक्षित व्यवस्था सेवकांस पुरविणें ही रुग्णालयांची जबाबदारी 2017 च्या कायद्यानेंच ठरविली आहे. नाकाडोंगरीहून तुमसर किंवा भंडारा गांठावयाचें तर तो प्रवासहि या दोन तासांतच मोडतो. यास्तव पहिल्या मात्रेची पुडी गांवच्याच दवाखान्याच्या कपाटांत असावी, आणि त्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या परिचारिकेजवळ.