कोणी पाहिलं?

खंडेनवमीची पहाट. साडेपाच वाजलेत आणि दादर पश्चिमेला फुलमंडईच्या तोंडाशी पाय ठेवायला जागा नाही. उद्या दसरा. सेनापती बापट मार्गावर टेम्पो लागलेत, झेंडूच्या गोणी थेट हमालांच्या डोक्यावर उतरताहेत. ‘बाजू, बाजू!’ ओरडत पाटीवाले गर्दीतून वाट काढतात. केशवसुत उड्डाणपुलाच्या कडेनं आपट्याच्या डहाळ्यांचे भारे पडलेत, भाताच्या लोंब्यांची तोरणं टांगलीत. मी शेवंतीचा भाव करते आहे. मावशी तराजूत मूठभर फुलं वाढवतात, तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘मोबाइल! माझा मोबाइल गेला!’

लगेच दुसरा आवाज, दुसऱ्याच बाजूनं, ‘तो बघा पळतोय, पकडा!’ आणि मग तिसरा, ‘चोर, चोर!’

मी वळून पाहते. सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा हातगाड्यांच्या मधून धावतो आहे. कोणीतरी पाय आडवा घालतं, तो गोणीवर आदळतो, उठू पाहतो. पहिली थप्पड कोण मारतं ते दिसत नाही. दुसरी दिसते. मग थपडा, बुक्क्या, लाथा. कॉलर धरून त्याला उभा करतात ते पुन्हा पाडण्यासाठीच. डोकं कोपरांत लपवून तो एवढंच म्हणतो आहे, ‘मी नाय, दादा, मी नाय.’

मारणाऱ्यांत गुंड म्हणावा असा कोणी नाही. एकाच्या खांद्याला ऑफिसची बॅग आहे. एकाच्या हातात देवासाठी घेतलेल्या हाराची पुडी आहे. ती डाव्या हातात सांभाळून तो उजव्या हातानं मारतो. एक जण रांगेतून येतो, पाठीत दोन गुद्दे घालतो आणि परत रांगेत जाऊन उभा राहतो. काय झालं, कोणाचं गेलं, हे तो कोणालाही विचारत नाही. भोवती मोबाइल वर झालेत, चित्रण चालू आहे. एका गृहस्थांचा फोन पोराच्या तोंडापासून हातभर अंतरावर आहे. मदत मागायला लागतो तो फोन त्यांच्या हातातच आहे.

मी ११२ लावते. पलीकडून ठिकाण विचारतात. ‘दादर पश्चिम, फुलमंडईसमोर, जमाव एका मुलाला मारतोय, रक्त येतंय.’ एवढं पुरतं. मग पिशवी मावशींच्या गोणपाटावर टाकून मी आत घुसते. ‘सोडा त्याला, पोलीस येताहेत!’ माझा आवाज त्या गलक्यात कुठल्या कुठे जातो. एकाचा दंड धरते, तो झटकतो. ‘ताई, तुमचा मोबाइल जाईल ना, मग कळेल.’

गर्दी फोडतात त्या मावशी. त्या उठून थेट पोराच्या अंगावर ओणव्या होतात आणि मंडईतला रोजचा आवाज लावतात, ‘ए, थांबा रे! कोणाचा मोबाइल गेला? पुढं या आधी!’

हात थांबतात. कोणी पुढे येत नाही. मारणारे एकमेकांकडे बघतात.

‘पाहिलं कोणी ह्याला चोरताना? बोला की!’

‘सगळे म्हणत होते...’ बॅगवाला म्हणतो.

मागून वाट काढत एक मध्यमवयीन माणूस येतो. घाबराघुबरा झालेला. ‘माझा गेला. पण मी कोणाला पाहिलं नाही हो. खिशात हात घातला तर नव्हता, म्हणून ओरडलो. ह्याला कशाला मारलंत?’

मावशी पोराचा पंजा धरून उचलतात. बोटांची टोकं झेंडूनं हिरवी-पिवळी झालीत, तर्जनीवर दोऱ्यानं कापल्याच्या बारीक रेघा आहेत. ‘रातभर हार ओवलेत ह्यानं. दोरा संपला म्हणून पळत होता.’ त्याच्या शर्टाच्या खिशातून सुती दोऱ्याचं रीळ अर्धं बाहेर आलंय.

आता आजूबाजूला हळहळ सुरू होते. ‘अरेरे, गरीब दिसतो बिचारा.’ मला ही हळहळ सहन होत नाही. त्याची बोटं स्वच्छ असती आणि खिशात मोबाइल सापडला असता, तर हा मार योग्य ठरला असता का? चोरीला भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. पहिलाच गुन्हा असेल, माल पाच हजारांच्या आतला असेल आणि तो परत केला असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. इथे पाच मिनिटांत एका पोराचा ओठ फाटलाय, डावा डोळा मिटलाय आणि श्वास घेताना तो बरगडी दाबून धरतो आहे. गंभीर गुन्हा डोळ्यांसमोर करणाऱ्याला धरायचा अधिकार कायदा तुम्हा-आम्हालाही देतो. पण तो गुन्हा आपल्यासमोर घडलेला हवा आणि धरलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायला हवं. मारायचा अधिकार कोणालाच नाही.

मला राईनपाडा आठवतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे असल्याच्या अफवेवरून ठेचून मारले गेले. तिथेही बाजारच होता, आणि तिथेही प्रत्येकानं दुसऱ्याचं ऐकलं होतं. मावशींनी मोठ्यानं विचारलेला प्रश्न तिथे वेळेत विचारला गेला असता आणि चार माणसं त्या प्रश्नामागे उभी राहिली असती, तर?

बीट मार्शलची मोटरसायकल येते. शिट्टी वाजते आणि गर्दी पातळ होते. हाराच्या पुडीवाला निघून गेलाय. दोघांना मावशी बोट दाखवून अडवतात. हवालदार पोराला पाणी देतात, टॅक्सी न बघता रुग्णवाहिका बोलावतात आणि विचारतात, ‘साक्षीदार कोण?’

शेजारचा दुकानदार माझ्या कानाशी येतो. ‘कशाला भानगडीत पडता? कोर्टाच्या तारखा लागतील.’ त्याची भीती मला खोटी वाटत नाही. पण चोरी पाहिलेला इथे एकही माणूस नाही आणि मारहाण शंभरांनी पाहिली आहे. त्या शंभरांतून कोणी बोललं नाही, तर कागदावर उरेल ती फक्त ‘अज्ञात जमावाची’ मारहाण. जमाव अज्ञात नव्हता. त्यांचे चेहरे मी पाहिलेत.

मी नाव सांगते, पत्ता सांगते, फोन नंबर सांगते. ‘माझं पण लिवा,’ मावशी म्हणतात. ज्याचा मोबाइल गेला तो माणूसही थांबलाय. आपल्या तक्रारीत या मुलावर संशय नाही, असं तो दोनदा बजावून सांगतो. चित्रण करणाऱ्या गृहस्थांकडे मी जाते आणि ते चित्रण पोलिसांना द्यायला सांगते. ते क्षणभर घुटमळतात, मग देतात.

उद्या असाच ओरडा तुमच्या स्टेशनवर, तुमच्या नाक्यावर होईल. तेव्हा ११२ लावा. एकट्यानं अंगावर जाता येणार नसेल, तर जिथे आहात तिथून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: कोणी पाहिलं? आणि पोलीस येईपर्यंत जागा सोडू नका. जे पाहिलंत, ते नावानिशी सांगा.