कर्बाची खाती

झाड माती खाऊन वाढते, ही समजूत शेताच्या बांधावर आणि शाळेच्या वर्गातही सारख्याच विश्वासाने सांगितली जाते. आणि मुळे मातीत असतात, खत मातीत पडते, पीक घेतल्यावर जमीन थकते, हे सर्व डोळ्यांसमोर घडत असल्यामुळे तिला साक्षीदारांची वाणही पडत नाही. परंतु फ्लेमिश वैद्य व्हान हेल्माँट याने सतराव्या शतकात या समजुतीची चौकशी तराजूने केली. २०० पौंड वाळविलेल्या मातीत त्याने ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. मुदतीअखेर झाड १६९ पौंडांवर गेले आणि मातीत तूट आली ती अवघी सुमारे २ औंसांची. यावरून झाड पाण्याचेच बनते असा निकाल त्याने दिला, आणि तेथे तो चुकला. मला नवल वाटते ते याचे, की ‘गॅस’ हा शब्द ज्याने घडविला आणि कोळसा जळताना निघणारा वायू ज्याने वेगळा ओळखला, तो हाच मनुष्य. वाळलेल्या लाकडाचे सुमारे निम्मे वजन ज्या कर्बाचे असते, तो कर्ब त्याच वायूतून आलेला होता, परंतु या दोन नोंदी एका पानावर मांडण्याचे त्याच्या हातून राहून गेले. जिनिव्हाच्या सोस्यूरने १८०४ साली आपली मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा हिशेब जुळला: कर्ब हवेतून, जोडीला पाणी, आणि मातीकडून क्षार व नत्र, जे थोडे असले तरी अपरिहार्य.

पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, ही समजूत श्रद्धेच्या आधाराने उभी आहे, म्हणून ती खोडताना हात जड होतो. तथापि पानांतून निघणारा प्राणवायू पाण्याच्या विघटनातून येतो, ते विघटन प्रकाशाच्या बळावर होते, आणि सूर्यास्तानंतर पिंपळही इतर झाडांप्रमाणे प्राणवायू घेऊन कर्बवायूच सोडतो. निवडुंग, घायपात यांसारख्या वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कर्बवायू साठवितात हे खरे. पण प्राणवायू त्याही दिवसाच देतात. उलटपक्षी, निजण्याच्या खोलीत कुंडी ठेवल्यास जीव गुदमरेल, हे भयही निराधार आहे; तिचे श्वसन शेजारी निजलेल्या माणसाच्या श्वासापुढे नगण्य असते.

उसाचे पाचट जाळले म्हणजे राखेचे खत होते, असे म्हणून फडच्या फड पेटविले जातात, ते पाहून मन व्यथित होते. राखेत पालाश उरतो, हे मान्य. परंतु पाचटातील जवळजवळ सर्व कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातो, आणि शेतकरी ज्याला ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणतात त्या खात्यात काहीही जमा होत नाही. पाचट सरीतच कुजविले तरी त्यातील पुष्कळसा कर्ब सूक्ष्म जंतूंच्या श्वसनातून हवेत परततोच. मात्र एक हिस्सा मातीत मुरतो, तिला भुसभुशीत ठेवतो आणि ओल धरतो. पृथ्वीवरील मातीत असा जेवढा कर्ब साठलेला आहे, तेवढा सर्व वनस्पती आणि सारे वातावरण मिळूनही नाही.

वाढत्या लोकसंख्येच्या उच्छ्वासामुळे हवेतील कर्बवायू वाढला, हा आरोप मात्र मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. आज आपण खाल्लेल्या भाकरीतील कर्ब गेल्या रब्बीत ज्वारीने हवेतूनच उचललेला असतो. आपण तो श्वासावाटे परत करतो, म्हणजे ही उसनवारी फिटते. चंद्रपूरच्या खाणीतील कोळशाची गोष्ट वेगळी. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलींतील वनस्पतींनी जमिनीखाली ठेविलेले ते मुद्दल आपण काही पिढ्यांत उधळीत आहोत. याचा दाखला हवेतच मिळतो: किरणोत्सारी कर्ब-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे इतक्या जुन्या कोळशात तो उरलेलाच नसतो, आणि अशा कोळशाचा धूर मिसळल्याने हवेतील त्याचे प्रमाण पातळ होत गेल्याचे हान्स स्यूस याने १९५०च्या दशकात वृक्षांच्या वलयांवरून दाखविले.

हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग याने १९५८ साली मोजणी आरंभिली, तेव्हा दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२०च्या वर आहेत. त्या आलेखाची रेषा सरळ चढत नाही. उत्तर गोलार्धातील अरण्यांना वसंतात पालवी फुटली की ती उतरू लागते, शिशिराकडे पुन्हा चढते, आणि दरवर्षी ज्या पायरीवर येऊन टेकते, ती गेल्या वर्षीच्या पायरीहून वरची असते.