सोझाकरांचे आडनाव

"अहो, तुम्ही मराठी इतके छान कसे बोलता?"

घोडबंदर रोडवर, वाघबीळच्या बाजूला बिऱ्हाड थाटल्यापासून हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे गृहस्थ सज्जन असतात. त्यांची नजर आधी आमच्या दारावरच्या 'डिसोझा' या पाटीवर जाते, मग माझ्यावर येते आणि दोहोंचा मेळ काही बसत नाही. "गोव्याचे का?" हा पुढचा प्रश्न. "नाही, वसईचा," म्हटले तर समोरचा थोडा हिरमुसतो. वसई आमच्या घरापासून तशी लांब नाही. याच रस्त्याने गायमुखावरून सरळ गेले, वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडला, की आमचा तालुका लागतो. माझ्या आजीने जन्मभर लाल लुगडे नेसले आणि मराठीतच प्रार्थना केली. तिला कोणी मराठीबद्दल शाबासकी दिली असती, तर तिने त्याला वेड्यात काढले असते.

मला या प्रश्नाची सवय झाली होती. मुलीला झाली नव्हती. महाराष्ट्र दिनाला सोसायटीत वक्तृत्वस्पर्धा झाली. तीत तिचा पहिला नंबर आला. बक्षीस देताना पाहुण्यांनी आडनाव वाचले आणि तिचे अभिनंदन केले ते चक्क इंग्रजीत! घरी येऊन ती म्हणाली, "पप्पा, दहावीचा अर्ज भरायचाय. त्याआधी आपण आडनाव बदलू या का? एकदा गुणपत्रिकेवर आले की मग कटकट."

पोरीचा मुद्दा बिनतोड होता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि पुस्तके काढून बसलो.

सोझा किंवा सौझा ही मुळात एक नदी. उत्तर पोर्तुगालात उगम पावून ती पोर्टो शहराच्या जवळ दोउरू नदीला मिळते. तिच्या काठच्या मुलखावरून एका सरदार घराण्याने नाव घेतले. 'द' म्हणजे 'चा'. म्हणजे 'द सौझा' हा आपल्याकडचा सरळसरळ 'सोझाकर' झाला! ठाण्याचा ठाणेकर, तसा सोझाचा सोझाकर. इतर आडनावांचीही गोष्ट फारशी निराळी नाही. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक. आपल्याकडे नाहीत का पिंपळे? फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस यांतल्या शेवटच्या अक्षराचा मूळ अर्थ 'अमक्याचा मुलगा'. इंग्रजांतही तीच तऱ्हा. 1616 साली 'क्रिस्तपुराण' छापणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जातिवंत इंग्रज, आणि स्टीफन्स म्हणजे स्टीफनचा वंशज. पोर्तुगिजांनी त्यांच्या आडनावाचेही 'एस्तेव्हांव' करून टाकले होते. मराठीत ओवी लिहिणाऱ्या त्या इंग्रजाला "इतके छान मराठी कसे?" हा प्रश्न मात्र खुशाल विचारावा. तिथे तो शोभतो.

आता नदी तिकडची, मग माणूस इकडचा कसा? 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढे जे ख्रिस्ती झाले, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगिजाचे किंवा पाद्र्याचे आडनाव सहसा मिळे. आमच्या कुणा पूर्वजामागे असाच कोणी सोझा उभा राहिला असणार. अशा सोझांचा तेव्हा तोटा नव्हता. मार्तिम अफोन्सो द सौझा याने 1532 मध्ये ब्राझीलमध्ये साओ व्हिसेंत वसवले आणि 1542 ते 1545 पर्यंत तो गोव्याला गव्हर्नर होता. 1549 मध्ये तोमे द सौझा ब्राझीलचा पहिला गव्हर्नर-जनरल झाला.

1737 मध्ये ठाणे आणि 1739 मध्ये वसई चिमाजी अप्पांनी जिंकली. पोर्तुगिजांची सत्ता गेली. या रस्त्याच्या टोकाला घोडबंदरचा त्यांचा किल्ला राहिला आणि आमच्याकडे त्यांची आडनावे राहिली. किल्ल्याला कोणी "तू इथला कसा?" असे विचारत नाही!

ओळखीची ही पंचाईत आमच्या पणजोबांच्या काळीही होती. गोव्याहून, मंगळूरहून त्याच आडनावांची माणसे मुंबईत नोकरीला येऊ लागली. त्यांच्यापासून आपण वेगळे, इथलेच, हे कळावे म्हणून इथल्या ख्रिस्ती लोकांनी 1887 मध्ये 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' काढली. आपण इथलेच, हे सांगायला नाव शोधले तेही इंग्रजी! आता यावर हसावे की रडावे?

आठव्या दिवशी मी मुलीपुढे सगळा पसारा मांडला. मार्तिम अफोन्सोचे तिला काही वाटले नाही. पण 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढणाऱ्यांतला चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा, पुण्यात जन्मलेल्या इंग्रजी कवयित्री युनिस डिसोझा, अमेरिकेचा बँडवाला जॉन फिलिप सूझा, ही मंडळी आपली आडनावबंधू म्हटल्यावर तिचे कान टवकारले. सूझाच्या बँडची लष्करी धून मी मोबाईलवर लावली. "ही तर शाळेच्या परेडला वाजते तसली!" ती म्हणाली.

"पण पप्पा, सोझाच्या आधी आपण कोण होतो?"

इथे माझी विद्या संपली. हाच प्रश्न मी लहानपणी आजीला विचारला होता. तिने भाकरी थापता थापता सांगितले होते, "तुझे आजोबा डिसोझा, त्यांचे वडील डिसोझा. त्याच्या आधीचे मी कुठे बघितलेय?"

"म्हणजे बदलायचे तर काय करायचे, हेच आपल्याला ठाऊक नाही," मुलगी म्हणाली.

शाळेने माहितीचा एक छापील कागद घरी पाठवला होता. तो तिने पुढे ओढला. आडनावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरे लिहिताना 'डी'नंतरचे ते वर लोंबणारे चिन्ह घालावे की नाही, यावर आमची पंधरा मिनिटे हुज्जत झाली. संगणक ते चिन्ह घेत नाही, हा अनुभव मला बँकेत आणि रेल्वेच्या तिकिटावर आलेला आहे. शेवटी ते वगळले. मातृभाषेच्या रकान्यावर मात्र ती क्षणभरही थांबली नाही.