चावीवाल्याने हुबेहूब चावी कापून दिली, तरी गाडी सुरू का होत नाही?

कारची एक चावी हरवते. दुसरी घरात असते, म्हणून फारसं टेन्शन येत नाही. नाक्यावरच्या चावीवाल्याकडून तिच्यावरून आणखी एक कापून घेतली जाते. नवी चावी दाराला लागते, दार उघडतं. इग्निशनमध्येही ती नीट फिरते. पण इंजिन क्षणभर घुरघुरतं आणि बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीच्या आकाराचा एक छोटा दिवा लुकलुकत राहतो. काही गाड्यांत तर स्टार्टरही फिरत नाही.

यात चावीवाल्याचं काही चुकलेलं नसतं. दात अगदी बरोबर कापलेले असतात. पण आजच्या गाडीला नुसते दात पुरत नाहीत, तिला चावीची ओळख पटावी लागते. ही ओळख दडलेली असते चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या मुठीत!

बॅटरी नाही, तरी चालणारी चिप

या मुठीत तांदळाच्या दाण्यासारखी काचेची बारीक नळी किंवा काळा, चपटा, लहानसा तुकडा असतो. हाच ट्रान्सपाँडर. त्याला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं बसवलेलं असतं. चावी फिरवली की त्यात साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ती जुळली तरच इमोबिलायझर इंजिनाच्या कॉम्प्युटरला परवानगी देतो. हे सगळं क्षणार्धात घडतं, त्यामुळे चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. रिमोट आणि ट्रान्सपाँडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमोटचा सेल संपला तर बटणाने दार उघडत नाही, पण चावीने गाडी सुरू होते. पुश बटणाच्या अनेक गाड्यांतही सेल संपलेली चावी स्टार्ट बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवली की काम भागतं, ते याच चिपमुळे.

सुरुवातीच्या चिप एकच ठरलेला नंबर सांगायच्या, त्यामुळे त्यांची नक्कल सोपी होती. नंतरच्या चिपमध्ये सवाल-जवाब आला. गाडी दरवेळी एक नवी संख्या पाठवते. चिप आपल्याकडच्या गुप्त कोडने त्यावर गणित करून उत्तर देते. गाडी स्वतःही तेच गणित करते आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहते. कालचं उत्तर चोरून ऐकलं, तरी आज ते कामाला येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

अर्थातच चोरी रोखण्यासाठी. अमेरिकेत १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने चावीच्या पात्यात एक रेझिस्टर बसवला होता. त्याच्या १५ वेगवेगळ्या किमती होत्या, आणि चुकीची चावी लावली तर गाडी सुरू होत नसे. पुढे चिपचा जमाना आला. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या प्रवासी गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासानुसार १९९५ ते २००८ या काळात इमोबिलायझरमुळे तिथल्या कारचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या.

चिप नसली तर काय होतं, हेही जगाने पाहिलं. अमेरिकेत विकलेल्या किया आणि ह्युंदाईच्या चावीने सुरू होणाऱ्या अनेक मॉडेल्समध्ये इमोबिलायझर नव्हता. २०२२ मध्ये टिकटॉकवर या गाड्या चोरण्याचे व्हिडिओ व्हायरल झाले आणि चोऱ्यांची लाटच आली. २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी ग्राहकांशी सुमारे २० कोटी डॉलर्सची तडजोड केली. कॅनडात २००७ पासूनच इमोबिलायझर सक्तीचा असल्यामुळे तिथे ही लाट पोहोचली नाही.

प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमकं काय?

चावीत काहीतरी भरणं म्हणजे प्रोग्रॅमिंग, असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं असतं. नवी चावी गाडीला शिकवली जाते. गाडीच्या मेमरीत ओळखीच्या चाव्यांची यादी असते, तिच्यात एका नावाची भर पडते. हे काम साधारण चार प्रकारे होतं.

पहिला, गाडीतल्या गाडीत. फोर्डच्या अनेक अमेरिकी मॉडेल्समध्ये चालू असलेल्या दोन चाव्या एकामागून एक इग्निशनमध्ये काही सेकंद फिरवायच्या आणि लगेच तिसरी, कोरी चावी लावायची. गाडी तिला यादीत घेते. अशा ८ चाव्या तिच्या लक्षात राहतात. दोन चाव्यांची अट का? पार्किंगवाल्याच्या हाती एक चावी गेली, तरी त्याला गुपचूप तिसरी बनवता येऊ नये म्हणून.

दुसरा, क्लोनिंग. जुन्या चिपची माहिती कोऱ्या चिपवर उतरवतात. गाडीला या दोन चाव्यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तिच्या यादीला हात लावावा लागत नाही.

तिसरा, डायग्नोस्टिक मशीन. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडून, गाडीचा सुरक्षा कोड देऊन नवी चावी नोंदवली जाते. सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा हेच करतात.

चौथा सगळ्यात महागडा. सगळ्याच चाव्या हरवल्या असतील, तर प्रसंगी इमोबिलायझरचा बॉक्स उघडून त्याची मेमरी वाचावी लागते किंवा तो बदलावा लागतो. त्यात गाडी टो करण्याचा खर्च वेगळाच!

मग काय लक्षात ठेवायचं?

एक चावी हातात असतानाच दुसरी बनवून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण शेवटची चावी हरवली की मामला एकदम वरच्या खर्चात जातो.

नव्या गाडीसोबत मिळालेला चावी नंबरचा बिल्ला चावीच्या जुडग्यात अडकवू नका, घरी जपून ठेवा. तो नंबर म्हणजे चावीच्या दातांचा नकाशाच.

प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. काही गाड्यांत जुनी यादी पुसून नवी तयार होते आणि घरी राहिलेली चावी बाद ठरते. निघण्याआधी प्रत्येक चावीने गाडी सुरू करून बघा.

चावी हरवली किंवा चोरीला गेली असेल, तर नुसती नवी बनवून थांबू नका. हरवलेली चावी गाडीच्या यादीतून काढून टाकायला सांगा. नाहीतर ती ज्याच्या हाती लागेल, त्याच्यासाठी गाडी सुरूच होणार. क्लोन केलेली चावी वापरत असाल, तर ही सोय राहत नाही. दोन्ही चाव्या गाडीला एकच वाटतात, त्यामुळे एक काढली की दुसरीही बाद होते.

आणि पोलिसांकडे नोंद जरूर करा. गाडी चोरीला गेल्यावर आपल्याकडच्या विमा कंपन्या सहसा सगळ्या मूळ चाव्या मागतात. त्या वेळी एकच चावी हातात असेल आणि दुसरी हरवल्याचा कागद नसेल, तर क्लेम अडकू शकतो. गाडी तर गेलेलीच असते, पैसेही अडकून पडतात.